नकाशाची कापलेली कड

माझ्या व्याह्याने मला फसवले. तापीकाठचे शेत विकताना त्याने नवा नकाशा जुना म्हणून माझ्यापुढे ठेवला.

मी बैलांचा व्यापारी. विसरवाडीच्या नाक्यावर दुसऱ्यांचे बैल राखत सुरुवात केली आणि पंचावन्न-छप्पन साली स्वतःची जमीन घेण्याइतका वर आलो. शेत काळ्या मातीचे होते. विहीर आपण स्वतः खणली, असे व्याही दहा वेळा सांगत होता. मला धास्ती एकच, नदी काठ कापते की काय. तसे बोललो तेव्हा त्याने माळ्यावरून कापडावर चिकटवलेला सरकारी नकाशा काढला. धुराने पिवळा पडलेला, चारी कडा कापलेल्या.

"मन्हा आजाना येळना शे," तो म्हणाला. "नदी तवय बी तठेच व्हती, आज बी तठेच शे. मोजी ल्या, याही. तुमले कोनावर भरोसा नही."

मी मोजले. विहिरीपासून देऊळ जितके लांब, त्याच्या निम्म्यावर नदी. दोरा लावून नकाशात तेच निघाले, पावले टाकून शेतात तेच. मग मी निर्धास्त होऊन भावाची घासाघीस करत बसलो.

तेव्हा विहिरीपासून काठ दोनशे दहा पावलांवर होता. दुसऱ्या दिवाळीला एकशे ऐंशी. त्यानंतर पावसाळाभर मला जेवण गोड लागले नाही. पूर ओसरला की मी पावले टाकायला जायचो. बायको म्हणायची, "मोजीसन नदी थांबी का?"

साठ सालानंतर कळसाडीकडे सरकारी मोजणीवाल्यांचा तंबू पडला. मी नकाशा घेऊन गेलो. साहेबाने तो उलटसुलट पाहिला.

"साल कडेवर छापलेले असते. ती कोणी कापली?"

"ठाऊक नाही. व्याह्याच्या आजोबांच्या काळचा आहे."

"हा निळा ठिपका म्हणजे तुमची विहीर. ती कोणी खणली?"

"व्याह्याने."

"मग आजोबांच्या नकाशात ती आली कुठून?"

म्हातारा बैल तरुण म्हणून खपवणारे मी रोज पकडतो. तरुण नकाशा म्हातारा म्हणून मीच घेतला होता. साहेबाने पेटीतला खरा जुना नकाशा उघडला. त्यात विहीर नव्हती, आणि नदी आणखी एक शेतभर पलीकडे होती.

मुलगी त्याच्या घरात नांदते, म्हणून इतकी वर्षे तोंड दाबून राहिलो. यंदा पंचेचाळीस पावले उरली आहेत. व्याह्याने पंचांसमोर यावे आणि कात्री कोणी चालवली ते माझ्या तोंडावर सांगावे.