टप्प्याटप्प्यानं नर्सिंग

शिक्षण आणि एसटीचा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या थोरल्या साडूंना प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी पटवता आलं नसतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम नेर, एसटीत कंडक्टर. माणूस कुठेही बसलेला असो, मनानं चालत्या गाडीतच असायचा. पंगतीत आधी माणसं मोजणार आणि मगच भाताला हात लावणार. घरातल्या एका लग्नाची बैठक फार लांबत चालली, तेव्हा त्यांनी सवयीनं खाटेच्या पाटीवर दोनदा टकटक केली आणि मुलाकडची मंडळी खरोखरच उठून चपला शोधू लागली.

गावातल्या निम्म्या पोरांना कोर्स यांनीच लावून दिले, तेही तिकीट देता देता. सल्ल्यामागचं तत्त्व एकच, शिकलेलं टप्प्यानं धरतात. "नागपूरले निघालेला मानूस कळंबले उतरला, त कळंबपर्यंत त आला न? पुढचं भाडं कळंबपासूनच पडते." त्यातच त्यांचा पुतण्या पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसला. मग काय, तत्त्वाला पुरावाच मिळाला आणि आम्हाला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीला नर्स व्हायचं होतं. ती बारावी सायन्स झाली, सीईटीही चांगली गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, अर्धांगवायू झाला. साडूंनी लगेच तोडगा काढला. "सध्या गावातच बीएस्सी कर. झूलॉजी हाय, केमिस्ट्री हाय, मायक्रोबायोलॉजी हाय. शरीराचंच शिक्षन ते. मंग नर्सिंगवाले दुसऱ्या वर्साले धरून घेतील." मुलगी बरं म्हणाली. दोन वर्षं ती सकाळी कॉलेज करायची आणि दुपारपासून आईची कूस बदलणं, भरवणं, पाठीवर पडलेल्या जखमा पुसणं. शेवटी ताई गेली. सुटली बिचारी, असं भेटायला येणारे म्हणायचे. ते ऐकताना त्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवत नसे.

तेरावं झाल्यावर आम्ही तिघं यवतमाळच्या एका नर्सिंग कॉलेजात गेलो. साडूंनी गुणपत्रिका टेबलावर पसरल्या आणि कळंबला उतरलेला माणूस प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनाही सांगितला. बाई भल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश, एवढंच आम्ही धरतो. बीएस्सीचा एकही पेपर धरत नाही. सीईटी पुन्हा द्यायची आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची."

"एकबी टप्पा नाही?" साडूंनी विचारलं.

"नाही, काका."

मला त्या माणसाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? परतीच्या गाडीत त्याला चार शब्द सुनवायचे असं मी ठरवलंही होतं. पण गाडी स्टँडबाहेर पडल्यावर साडू स्वतःच मुलीला म्हणाले, "तुही दोन वर्सं माह्यापायी वाया गेली."

"मले ठाव होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "पहिल्याच महिन्यात मी कॉलेजात सरले विचारलं होतं. ते म्हनले, काईच धरत नाही."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, त तुमी मले तवाच होस्टेलात टाकलं असतं. तुमची ड्युटी होती. आईजवळ कोन रायलं असतं?"

गाडीवरच्या ओळखीच्या कंडक्टरनं हाक मारली, तरी साडूंनी मान वर केली नाही. असं मी त्यांना ताईच्या तिरडीपाशीच पाहिलं होतं, पण तेव्हा निदान ते रडत तरी होते. माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले.

मुलगी आता यवतमाळला पहिल्या वर्षाला आहे, वर्गात सगळ्यांहून मोठी. साडू नेरच्या घरात एकटेच हातानं भाकरी थापतात. परवा फोनवर मी त्यांना विचारलं, करमतं का?

"घर खायाले उठते, भाऊ," ते म्हणाले. मग म्हणाले, "काल पोरीनं ड्रेस घातलेला फोटो पाठोला. नर्सचा. तिच्या मायले दाखवाले पायजे होता."