चूल पेटवून दाखवलेलं घर

नाती, ही चिठ्ठी नीट बसून वाच वं. रागावली मी तुह्यावर, थोडीशीच. चिठ्ठीत लिहिलंस, घर पाहून आलो, खोल्या मोठ्या, फरशी गुळगुळीत. सैपाकघरात किती वेळ उभी राह्यली? एक अक्षर नाही त्याचं! काहून? घर विकत घेणं म्या केलं, विकणंही केलं, आन माह्याच नातीनं मले असं लिहावं!

तुहे आबाजी मिस्त्री होते, हे तुले माहीत हाय. आम्ही नवीनच बौद्ध झालो होतो तेव्हाची गोष्ट. बालाघाटात लोकाईची घरं बांधून त्याईचे हात झिजले. मी म्हटलं, एक पडकं घर आपणच घेऊ, नीट करू, विकू. घेतलं. कवेलूच्या छपराचं, दोन खोल्यांचं, मागच्या भिंतीले पोट आलेलं. शेजारीण दारातूनच म्हणे, "घ्यायले घेतलं वं, पण तुमच्या हातचं घर घेईन कोण?"

ते मले लागलं. पैशापेक्षा जास्त लागलं.

आबाजीनं भिंत सरळ केली, वासे बदलले. मी म्हटलं, "अहो, धुराचं पाहा." त्या घरात सैपाक म्हणजे डोळे पुसत बसणं. त्याईनं छपरात चार कवेलू उचलून त्यावर कवेलूचीच टोपी बसवली, धूर जाईन पण पाणी येणार नाही अशी. पण बसवली कुठं? जुनी चूल होती त्याच्यावर! मी तं चूल केव्हाच खिडकीजवळ नेली होती. विचारायची सवय माणसाईले नाही. मी ओली लाकडं लावली आन त्याईले म्हटलं, "बसा इथं, भाकरी होईस्तोवर उठू नका." अर्ध्या भाकरीत डोळे लाल करून उठले. सिडी लावली, टोपी काढली आन चुलीच्या बरोबर वर बसवली.

मंग एक बाबू आले, कचेरीत बदली होऊन आलेले. वासे ठोकून पाह्यले, खूश झाले. घर कोणाचं म्हणून विचारलं, आम्ही सांगितलं. वाशावरचा हात मांगे घेतला. "आईले विचारून सांगतो," म्हणाले. आबाजीनं त्या दिवशी कुदळ धुवून ठेवली, जसं काही काम संपलंच.

पण तिसऱ्या दिवशी बाबूची आई आली. रामपायलीकडची, उंच, डोळ्यावर हात धरून पाहणारी. अंगणातच उभी. मी मुद्दामच ओलं लाकूड लावून चहा ठेवला होता. आत या म्हणून गळ घालायची नाही, असं ठरवलं होतं म्या.

थोड्या वेळानं तीच म्हणे, "अवं, चूल तं पेटली दिसते. मंग धूर कुठं गेला?"

"वर गेला, माय."

वाकून आत आली. छपराकडे पाह्यलं, चुलीकडे पाह्यलं. "माहे डोळे धुरानंच गेले वं," म्हणे. "आमच्या घरी कोणाले हे सुचलं नाही. कोणं केलं?"

"माह्या मालकानं. पण पह्यले चुकले होते."

हसली. मंग चुलीपुढच्या माह्याच पिढ्यावर बसली. "चहा उकळून राह्यला. देशील, का पाहतच राहशील?"

म्या कप दिला. तिनं तिथंच फुंकून घोट घेतला. बाहेरून बाबू खोकलले. ती आतूनच ओरडली, "तुले घेवाचं तं घे रे बाबा, मी तं आता या चुलीपासून उठत नाही!"

त्याच घरात राह्यले ते लोक. त्याच्या मांगून आम्ही किती घरं केली! मलाजखंडले खाण सुरू झाली तवा तिकडचे लोकही विचारत आले, मिस्त्रीणबाईच्या हातचं घर पाह्यजे म्हणून. ती शेजारीणच त्याईले माह्या दारापर्यंत आणून सोडे, आन मी तिले दर वेळी चहा पाजो.

तं पोरी, तू पाह्यलेल्या घराचं काही पक्कं करू नको अजून. आधी इकडे ये, लवकर ये. आमच्या त्या पह्यल्या घराच्या छपरावर ती कवेलूची टोपी अजून हाय. अंगणातून दाखवीन तुले.