आत्यानं मागितलेला डॉक्टर

फोन आला तेव्हा मी बारामतीत, कॉलेजात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. आमच्या वरकुटे गावाहून आत्याच्या शेजारचा दत्तू बोलत होता. "दादा, भामाआत्या गेली. शेरडं वरडत व्हती म्हणून बघाया गेलो, तर..."

भामाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. घरची मेंढरं गेली, भाऊ शेती-नोकरीला लागले, पण हिनं डझनभर शेळ्या शेवटपर्यंत ठेवल्या. गावात जनावरांच्या दवाखान्याची इमारत झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला. पुढाऱ्यांनी फीत कापली, पेढे वाटले, फोटो काढले... आणि डॉक्टर आलाच नाही. त्याच पावसाळ्यात शेळ्यांत रोग शिरला. आत्याच्या पाच शेळ्या कुलूपबंद दवाखान्यासमोर तडफडून मेल्या. शेजारच्या निरवांगी गावच्या बायांचीही तीच गत झाली.

तेव्हापासून पाच वर्षं आत्या तालुक्याच्या पशुसंवर्धन कचेरीत अर्ज देत राहिली. लिहायचो मी. 'सविनय विनंती' वाचून दाखवलं की ती भडकायची. "इनंती कशाला? आमी भीक मागतोय व्हय? इमारत हाय, कुलूप हाय, डॉक्टर न्हाय. एवढंच लिही." मी मान डोलवायचो आणि साहेब दुखावू नयेत म्हणून पुन्हा गोडच लिहायचो. आज त्याची लाज वाटते.

एकदा तिच्याबरोबर कचेरीत गेलो होतो. साहेब म्हणाले, "मावशी, डॉक्टर दर मंगळवारी येतात. नोंद आहे." आत्या म्हणाली, "दाखवा." वही पुढं आली. मी वाचू लागलो. शेळ्या मेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात, त्याच शेळ्यांना लस टोचल्याची नोंद होती. आत्याचं नाव, आणि पुढं अंगठा.

"अंगठा?" आत्या उठली. "हा कुणाचा? मी तर सही करती." साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी शिकली होती ती. साहेबांच्या टेबलावरचं पेन उचलून तिनं त्या अंगठ्याशेजारी एकेक अक्षर जुळवत सही केली. साहेब म्हणाले, "चौकशी लावतो."

चौकशी लागली. दोन महिन्यांनी कळवलं, नोंदवही गहाळ झाली आहे! तोंडं बंद व्हावीत म्हणून एक डॉक्टर पाठवला. पोरगा चांगला होता, उन्हातान्हात वस्त्यांवर फिरायचा. तीन महिन्यांत त्याची बदली झाली. आत्यानं पुन्हा एसटी धरली.

शेवटच्या खेपेला सकाळी दहापासून तिला बसवून ठेवलं. संध्याकाळी शिपायानं सांगितलं, साहेब मागच्या दारानं गेले. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी वाद घालत नाही. पण सत्तरीच्या बाईला दिवसभर ताटकळत ठेवणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते, हे मला खरंच कळत नाही.

दहाव्याला गेलो तर दवाखान्याच्या फाटकावर फ्लेक्स. 'पशुसेविका भामाबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' पुढाऱ्यांचे सहा हसरे चेहरे, कोपऱ्यात आत्या. त्यांतल्या एकानंही तिला कधी दारात उभं केलं नव्हतं. निरवांगीच्या पारूबाईनं विळ्यानं दोऱ्या कापल्या. "जित्तेपणी डॉक्टर दिला न्हाय आन् आता फोटू देत्यात!" कुणी तिला अडवलं नाही.

गेल्या आठवड्यात पारूबाई आणि मी नवा अर्ज घेऊन गेलो. शिपायानं व्हरांड्यातल्या बाकाकडं बोट केलं. "बसा. म्हातारी हितंच बसायची." बसलो. दहा मिनिटांत अंग भाजायला लागलं. वर बघितलं, तर साहेबांच्या खोलीतल्या एसीची गरम हवा नेमकी त्या बाकावर येत होती.

पाच वर्षं आत्या तिथं बसली. त्याबद्दल आम्हाला एकदाही बोलली नाही.