दातेरी पाकळी

भिंगकाकांचा कोणावर विश्वास म्हणून नव्हता. दूधवाल्यावर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही, सख्ख्या मेव्हण्यावर तर मुळीच नाही. भाजी घ्यायची तरी खिशातलं भिंग काढून आधी देठ बघायचे आणि मग भाजीवाल्याकडे. त्यांची बायको शेजारणींना सांगायची, "मलाही बघायला आले तेव्हा भिंगातूनच बघितलं असतं, पण तेव्हा नोकरी लागलेली नव्हती ना."

नोकरी होती वनस्पतींच्या संग्रहालयात. जंगलातून दाबून, सुकवून आणलेली झाडं जाड पांढऱ्या शीटवर दोऱ्याने शिवून बसवायची, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकायची आणि कपाटात ठेवायची. एकतीस वर्षं हेच. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक नियम मात्र त्यांनी भल्याभल्यांना झापून पाळायला लावला होता: गळून पडलेलं पान-फूल परत झाडाला चिकटवायचं नाही. ते कागदाच्या पुडीत घालायचं आणि पुडी शीटच्या कोपऱ्यात लावायची. कारण गळलेलं फूल नेमकं कुठल्या झाडाचं, हे कोणी छातीठोकपणे सांगावं?

गेल्या वर्षी संशोधक बाई डोंगरमाथ्यावरच्या जंगलातून एक वीतभर झुडूप घेऊन आल्या. बारा महिने ढगात बुडालेल्या त्या जंगलात, ओल्या खडकाच्या खाचेत उगवणारं. दोनच पानं, एक तळहाताएवढं, दुसरं नखाएवढं, आणि वर एकुलतं एक फिकट जांभळं फूल. ही जात आजवर कोणी नोंदवलेलीच नव्हती. बाईंनी वर्षभर खपून तिचं वर्णन लिहिलं. ते आज पाच वाजता छापायला जायचं होतं, आणि त्या जातीचं नाव जगात कायमचं ज्या एका शीटवर टेकणार होतं, ती शीट भिंगकाकांनी शिवलेली होती.

दुपारी फोटोसाठी त्यांनी ती शीट बाईंच्या टेबलावर नेली. बाई जागेवर नव्हत्या. टेबलावर फुलाचं चित्र होतं, आणि चित्रातल्या फुलाच्या खालच्या पाकळीची कड चांगली दातेरी होती, करवतीसारखी. भिंगकाकांनी शीटवर भिंग धरलं. डोळे बारीक केले, खिडकीकडे सरकले, पुन्हा बघितलं. शीटवरच्या फुलाची कड गुळगुळीत होती.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, ठाण मांडूनच बसली. आता सगळं आठवायला लागलं. आपण आत गेलो की बाई लॅपटॉप मिटतात. आपण घरी गेल्यावर आपल्या कपाटातल्या शीटा कोणीतरी हलवतं. सकाळी त्यांचा गठ्ठा बोटभर तरी सरकलेला असतो. म्हणजे पाणी मुरतंय. साधंच झाड, त्याला चित्रात दात काढले आणि झाली नवी जात! अहो, असं करून नाव मिळवणारी माणसं त्यांनी पाहिली होती, आणि ती पुढे कुठे गेली तेही पाहिलं होतं.

त्यांनी साहेबांच्या नावाने चिठ्ठी लिहिली: "नव्या जातीचे चित्र खोटे असल्याचा संशय आहे. छापण्यापूर्वी चौकशी व्हावी." चिठ्ठीने बाईंची नोकरी जाईल हे त्यांना कळत होतं. वाईटही वाटलं, कारण बाई त्यांना काका म्हणायच्या आणि मनापासून म्हणायच्या. पण साहेब बैठकीत होते. तेवढ्या वेळात पक्का पुरावा काढावा म्हणून भिंगकाका आपल्या खोलीत परतले आणि फुलाजवळचा टाका त्यांनी चिमट्याने हळूच उचलला.

टाक्याखाली फुलाचा देठ झाडाला जोडलेलाच नव्हता. मध्ये सुकलेल्या डिंकाचा एक मणी होता.

"चिकटवलंय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि कोणी चिकटवलंय ते बघायला त्यांनी शीट उलटी केली. मागे गाठ होती. दोन पीळ सरळ, एक उलटा. अशी गाठ या इमारतीत एकच माणूस मारत होता.

मग तो दिवस आठवला, जो त्यांनी मनातसुद्धा पुन्हा काढला नव्हता. गेली दोन वर्षं डोळ्यांपुढे धुकं यायचं. सुईचं नेढं दिसेना, म्हणून बायको रोज सकाळी वीस सुया ओवून उशीला टोचून द्यायची. "वेळ वाचतो," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ती काही विचारायची नाही, आणि ती का विचारत नाही याचाही त्यांना संशय होता. त्या दिवशी सुई फुलाला अडकली आणि फूल तुटलं. एकुलतं एक फूल. लाजेने त्यांना घाम फुटला. टेबलावर चाचपून जे फूल हाताला लागलं ते त्यांनी जागेवर चिकटवलं, वर टाका घातला आणि विषय संपवला. टेबलावर त्या दिवशी आणखी चार झाडं पसरलेली होती.

आता गप्प बसलं तर उद्या जगात कोणीही चित्र आणि शीट शेजारी ठेवून बाईंना खोटं ठरवणार. बोललं तर एकतीस वर्षांच्या हाताची अब्रू जाणार. साडेचार वाजले होते. भिंगकाकांनी शीट उचलली आणि बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, वर्णन पाठवू नका. हे फूल या झाडाचं नाही. मी चिकटवलंय. मला दिसत नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मला माहीत आहे, काका."

"काय माहीत आहे?"

"दोन्ही. चित्र मी स्पिरिटच्या बाटलीतल्या फुलांवरून काढलंय, त्याच खडकावरच्या दुसऱ्या झुडपांची फुलं मीच डोंगरावर तीत भरली होती. शीटवरचं फूल चुकून दुसऱ्या झाडाचं लागलंय, असं वर्णनात स्पष्ट लिहिलंय. कोणाकडून लागलं ते नाही लिहिलं."

"मग माझं कपाट..."

"मीच उघडते. सहा महिने तुमच्या शीटा मी संध्याकाळी तपासते. त्यातल्या चुकांच्या याद्या लॅपटॉपवर आहेत, म्हणून मिटते तो."

भिंगकाकांनी शीट टेबलावर ठेवली. "मला सांगायचंत ना."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असतात?"

 भिंगकाकांनी खिशातून चिठ्ठी काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी ती वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"साहेबांना दिली नाहीत?"

"पुरावा आणायला गेलो होतो," भिंगकाका म्हणाले. आता त्यांना काहीच लपवायचं नव्हतं.

 बाईंनी चिठ्ठीची घडी घालून ती खणात टाकली आणि बाटलीतलं एक दातेरी फूल टिपकागदावर काढून ठेवलं. "हे सुकलं की पुडीत घालून शीटला लावायचंय. आणि तो टाका तुम्ही उसवलाय, तो परत घालावा लागेल, शीट वर्णनात लिहिलीय तशीच राहायला हवी."

भिंगकाकांनी सुयांची उशी काढली. ओवलेली एकही सुई उरली नव्हती. रिकामी सुई आणि दोरा त्यांनी बाईंपुढे धरला.

"एवढा ओवून द्याल का?"

बाईंनी दोरा ओवला आणि सुई परत दिली. भिंगकाकांनी ती घेतली आणि नेढ्याकडे न बघताच टाका घालायला सुरुवात केली.