व्यंकटची चकचकीत बॅटरी

चेन्नईची पोस्टिंग आली तेव्हा मी फौजेत हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे समुद्राची हवा लोखंड कसं खाते ते मी इथेच पाहिलं. रोज सकाळी फॉल-इन, मग गाड्यांची तपासणी: तेल, पाणी, टायर, बॅटरी. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायरचा क्लॅम्प जिथे बसतो तिथे, पांढरी-हिरवी पूड धरायची. आतल्या ॲसिडची वाफ आणि बाहेरची खारी हवा, दोघांचं ते संगनमत. ही पूड वीज अडवते, आणि गाडी ऐन वेळी दगा देते.

माझ्या डोक्यात एक भुंगा होता. आमच्या ॲम्ब्युलन्सचे पितळी क्लॅम्प सगळ्या गाड्यांत जास्त चकचकीत होते, आणि पूडही सगळ्यांत जास्त त्यांच्याच बुडाशी साचायची. बॅटरी बदलून पाहिली. चार्जिंग तपासलं. काही हाती लागेना. तिचा ड्रायव्हर नाईक व्यंकट राव तंजावरकडचा मराठी माणूस होता. आई इथेच चेन्नईत, मैलापूरला; घरात जुनी मराठी आणि तमिळ एकत्र नांदायची. गाडीला तो नव्या नवरीसारखा जपायचा. त्याच्याकडून हयगय होईल हे शक्यच नव्हतं.

त्या वर्षी पावसानं चेन्नईचं शोळिंगनल्लूर उपनगर पाण्याखाली गेलं. आम्ही मदतकार्यावर होतो. शनिवारी दुपारी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या वॉचमनला साप चावल्याचा निरोप आला. व्यंकट, मेडिकल असिस्टंट आणि मी निघालो. वॉचमनला गाडीत घेतलं. पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. व्यंकटनं चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. इंजिन हललंच नाही.

मी रेडिओ उचलला.

"पेशंट गाडीत आहे. गाडी बंद. ओव्हर."

"दुसरी गाडी पाण्यापलीकडे आहे. तासभर लागेल. ओव्हर."

"पेशंटकडे तासभर नाही. दुरुस्ती करतो. आउट."

मला भीती वाटत होती, ते सांगायला लाज कसली? बॉनेट उघडलं. क्लॅम्प सोन्यासारखे लखलखत होते. निगेटिव्ह आधी सोडला, मग पॉझिटिव्ह. तो उपसून काढला आणि कोडं सुटलं. वरून लखलखाट, आतून चुन्यासारखा थर. नाक जवळ नेलं. आंबट वास आला.

"व्यंकट, हे कशानं घासतोस?"

"पुळीनं, उस्ताद. चिंच अन् मीठ. दर शुक्रवारीं. अम्मा घरीं समई असंच घासती."

"नंतर धुतोस?"

"बॅटरीवर पाणी कसं घालूं? नुसतं पुसतों."

चिंचेचं आंबट आणि मीठ क्लॅम्पखाली झिरपून आठवडाभर पितळ खात बसायचं. वर भक्ती, खाली गंज. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या क्षणी चाकूनं थर खरवडला, पिण्याच्या पाण्यानं धुतलं, कोरडं पुसलं, सँडपेपर फिरवला, क्लॅम्प घट्ट आवळले. मेडिकल असिस्टंटच्या पेटीतलं व्हॅसलीन वरून पातळ लावलं.

"मार सेल्फ."

इंजिन धडधडलं. वॉचमन वाचला.

व्यंकट दोन दिवस जेवला नाही. मग मी त्याला रीतसर शिकवलं. सेलची बुचं घट्ट लाव. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तारेच्या ब्रशनं घास. स्वच्छ पाण्यानं धू, कोरडं कर, शेवटी व्हॅसलीन.

"अम्मापण धुती, उस्ताद," तो म्हणाला. "मी तेवढंच विसरलों."

शुक्रवार मात्र त्यानं सोडला नाही. चिंच गेली, सोडा आला. मी चिडवायचो, "पुजारी, आरती झाली का?"

पुढे त्याची बदली उत्तरेत डोंगरावर झाली. ॲम्ब्युलन्स तीच नव्हती, सवय तीच होती. दोन आजारी जवानांना खाली आणताना गाडीवर दरड कोसळली. अंधार पडेपर्यंत शोध चालला. मातीच्या फटीतून एक लाल ठिपका दिसला. गाडीचा मागचा दिवा जळत होता; बॅटरीनं दगा दिला नव्हता. त्या उजेडावर खणत गेले. दोन्ही जवान जिवंत निघाले. व्यंकट पुढच्या सीटवर होता. तो गेला.

निवृत्तीनंतर मी चेन्नईतच राहिलो. शोळिंगनल्लूरच्या कंपन्यांच्या बस सांभाळतो. एखाद्या शुक्रवारी मैलापूरला व्यंकटच्या अम्मांकडे जातो. अम्मा समईला चिंच लावतात, घासतात, खळखळून धुतात, पदरानं कोरडी करतात. वात लावल्यावर दर वेळी तेच विचारतात.

"त्याचा दिवा जळत होता म्हणालास, नव्हे?"

"होय अम्मा. जळत होता."