गिराणातल्या करंज्या

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तवा लिहिताना चुका होतील. होऊ द्या. बायको जाऊन दोन वर्षं झाली, आता चुका काढायला घरात कोण न्हाय.

ही नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. ऐन दिवाळीत सकाळी सूर्याला गिराण लागणार होतं. मागल्या गिराणाला बायको पोटुशी होती, म्हणून माझ्या आईनं तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं. ते तिच्या मनात राहिलेलं. या खेपेला तिनं आधीच बजावलं, "आवंदा मी बघणार. कसं दाखवायचं ते तुमचं तुमी बघा."

रेडिओवर सांगितलं, सूर्याकडं सरळ बघू नका. डब्याला बारीक भोक पाडा, आत पांढरा कागद लावा, त्यावर सूर्य पडतो. पण घरातला एकूण एक डबा फराळानं भरलेला, आणि वेध लागले म्हणून आईनं सगळ्यांत तुळशीचं पान टाकलेलं. मी बारामतीहून आणलेला नवाकोरा डबा उचलला आणि अंगणातल्या बाजेवर धोतर पसरून त्यावर सरळ पालथा केला. शंकरपाळ्यांचा ढीग पडला. कागदासाठी कॅलेंडरचं पान फाडलं. हाताला आला तो खिळा ठोकला, तो निघाला करंगळीएवढा. आत बघतो तर नुसता गोल डाग. म्हणलं, गिराण रद्द झालं वाटतं.

"तुमच्या हातात डबा दिला हीच माझी चूक," ती म्हणली आणि शंकरपाळ्या भरायला झारा घेऊन आली. झारा उन्हात आडवा धरला आणि तशीच थबकली. धोतरावर झाऱ्याच्या सावलीत, जेवढी भोकं तेवढे उजेडाचे तुकडे. सगळे एका बाजूनं खाल्लेले.

"अवो, करंज्या पडल्यात."

मग तिला आवरेना. करंज्या भिंतीवर, कोंबडीच्या पाठीवर, माझ्या टकलावर. हसता हसता मी बाजेवर बसलो, ते शंकरपाळ्यांवरच.

आतनं आई वरडली, गिराणात कोण खिदळतंय. आमचं दार उगवतीचं. ही झारा घेऊन उंबऱ्यापाशी गेली. आई बाहेर आली न्हाय, पण हात तेवढा उन्हात काढला. सुरकुतल्या तळव्यावर ओळीनं करंज्या. आईनं मूठ मिटून बघितली, उघडून बघितली.

"ह्येच्यासाठी कोंडली व्हय गं मी तुला?"

"आता काढा की दुसरा हात," बायको म्हणली.

आईनं काढला.