देवदत्तांची शनिवारची गटारी

नोकरीत होते तोवर देवदत्तांनी पूल बांधले आणि रिटायर झाल्यावर घरच्या घरी बिअर करायला घेतली. पुलांबद्दल त्यांना कधी कोणी चकार शब्द विचारला नाही. बिअरबद्दल मात्र कॅनडातल्या मार्कहॅममधल्या प्रत्येक मराठी घराला मत होतं.

त्याला कारणही तसंच होतं. ही बिअर फारशी फसफसत नसे आणि गारढोणही नसे. बेसमेंटच्या थंड कोपऱ्यात ती पिंपातच मुरायची, गाळ खाली बसायचा आणि मग देवदत्त ती हातपंपाने ग्लासात ओढायचे. इंग्लंडातल्या जुन्या पबमध्ये अशीच देतात, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. न येणाऱ्यांना फोनवर. त्यांचा जुना मित्र राजन पहिल्याच घोटाला म्हणाला होता, "देवा, यात बर्फ घाल रे." देवदत्त आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

या पिंपाची एक खोड होती. एकदा बूच सैल केलं की आत हवा शिरायची आणि तीन-चार दिवसांत बिअर आंबायची. नीलिमाताई दर वेळी म्हणत, "अहो, बाटल्यांत भरा की. कित्येक महिने टिकेल." नवरोबा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

यंदा देवदत्तांनी बेत आखला गटारीचा. श्रावण लागण्याआधी मनसोक्त खाऊनपिऊन घ्यायची अमावस्या ती. याहून चांगला मुहूर्त कुठला? सगळ्यांना 'शनिवारी या' एवढंच कळवलं, बिअरचं गुपित ठेवलं. शुक्रवारी सकाळी पिंपाचं बूच सैल केलं आणि मग राहवेना म्हणून राजनला फोन लावला.

"गटारी?" राजन म्हणाला. "अरे, अमावस्या काल झाली. आज श्रावण लागला. आमच्या सुमेधाने सकाळीच सगळा फ्रिज क्लीन केला."

"काल गुरुवार होता! गुरुवारी कोण गटारी करतं?"

घोटाळा झाला होता तो असा. इथल्या मंडळाचा गणपती शनिवारी, दसरा शनिवारी, कोजागरी तर हॉल मिळेल त्या शनिवारी. वर्षानुवर्षं सगळे सण वीकेंडला सरकलेले पाहून देवदत्तांनी अमावस्याही शनिवारवर ढकलली होती. चंद्राला मात्र कोणी कळवलं नव्हतं.

मग बाकीच्या मित्रमंडळींनाही फोन करून बिअरचं सांगितलं, तर छाया आणि विक्रम म्हणाले, "जेवायला येऊ, पण पिणार नाही." जयंतीने तर आपण श्रावणात कांदाही खात नसल्याचं सांगितलं. देवदत्त बेसमेंटमध्ये पिंपाशेजारी तोंड पाडून बसले.

नीलिमाताई खाली आल्या. "एवढं काय त्यात? बाटल्यांत भरा आणि श्रावण संपला की बोलवा सगळ्यांना."

"बाटलीत भरली तर येईल कोण?" देवदत्त एकदम बोलून गेले. "'बघू नंतर' म्हणतील. ही लगेच संपवायला लागते म्हणून तरी माणसं येतात. आपला आरव व्हँकुव्हरला गेल्यापासून हे घर खायला उठतं गं, नीलिमा."

 श्रावण नीलिमाताई स्वतः कडक पाळायच्या, पण वर गेल्या आणि त्यांनी सुमेधाला फोन लावला.

"मंडळाच्या गणपतीला कधी म्हणालीस का, चतुर्थी होऊन गेली म्हणून? प्रसादाचे मोदक तर डबा भरून नेतेस! मग यंदा आमच्या घरी श्रावण सोमवारी लागेल. मटण नाही, कोथिंबीरवड्या करते. गुपचूप या."

 पुढचे सगळे फोन सुमेधानेच केले.

शनिवारी बेसमेंट भरलं. जयंती लिंबाचं सरबत घेऊन बसली आणि दुसऱ्यांचे ग्लास मोजू लागली. राजनने ग्लास दिव्यापाशी धरला, घोट घेतला, भुवया उंचावल्या. "कोमटच आहे," म्हणाला आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला. देवदत्त पंप ओढत होते आणि त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

जेवणं झाल्यावर राजन स्वतःच पंपाकडे निघाला. नीलिमाताईंनी दांड्यावर हात ठेवला.

"आता बास, भावजी."

"वहिनी, बरीच उरलीय अजून!"

"उरू दे. ती संपवायला उद्या सगळ्यांनी परत यायचं."

"किती वाजता?" सगळ्यांत आधी जयंतीने विचारलं. आणि ती तर सरबत पीत होती.